तीस मीटरची दुर्बीण: आरसे घासून होतील, पण डोंगर कुठला?

रात्रपाळी

मागे जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीच्या धाग्यावर मी मध्येच टीएमटीचा विषय काढला तेव्हा दोघातिघांनी "वेगळा धागा काढा" म्हणून दटावलं होतं. तर हा घ्या. ठाणेकरांसाठी आधीच खुलासा: टीएमटी म्हणजे थर्टी मीटर टेलिस्कोप, बस नव्हे.

सध्या जगात जमिनीवरच्या तीन महाकाय दुर्बिणींचं काम चालू आहे. चिलीत सेरो आर्माझोनेसवर युरोपची ईएलटी (आरसा ३९ मीटर), चिलीतच लास काम्पानासला जीएमटी (८.४ मीटरचे सात आरसे मिळून साधारण २५ मीटर) आणि आपली टीएमटी. "आपली" म्हणायला आधार आहे. अमेरिकेतलं कॅल्टेक, कॅलिफोर्निया विद्यापीठ, जपान, कॅनडा यांच्या जोडीला भारताचा यात १० टक्के वाटा आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१४ साली त्यासाठी सुमारे १,३०० कोटी रुपये मंजूर केले. बंगळूरची आयआयए, नैनितालची एरीज आणि पुण्याची आयुका या तीन संस्था मिळून काम बघतात.

कृष्णविवरं, परग्रह, पहिल्या दीर्घिका यावर जाणकारांनी लिहावं. मला रस आहे तो आरशात.

एकसंध काचेचा आरसा ८.४ मीटरच्या पुढे कुणी नेलेला नाही. ओतायचा कसा, घाटातून वर न्यायचा कसा, हे प्रश्न तर आहेतच, शिवाय दुर्बीण कलली की एवढी काच स्वतःच्याच वजनाने वाकते. यावर खगोलशास्त्रज्ञ जेरी नेल्सन यांनी हवाईतल्या केक नावाच्या दुर्बिणीसाठी तोड काढली: ३६ षटकोनी तुकडे शेजारी शेजारी मांडायचे आणि संगणकाने त्यांना एका आरशासारखं वागायला लावायचं. १० मीटरच्या दोन केक दुर्बिणी १९९०च्या दशकात चालू झाल्या आणि आजही उत्तम चालतात. टीएमटीत असे ४९२ तुकडे आहेत, प्रत्येक कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत १.४४ मीटर.

आता मेख अशी की हे ४९२ तुकडे सारखे नाहीत. मोठ्या आरशाची वक्रता मध्यापासून कडेकडे बदलत जाते, त्यामुळे कुठला तुकडा कुठे बसणार यावर त्याचा आकार ठरतो. आरशाचे सहा सारखे भाग पडतात, म्हणून एकूण ८२ प्रकार. प्रत्येक प्रकाराचा एक जादा धरून ५७४ आरसे करायचे. त्यातले ८४ भारतात, बंगळूरजवळ होसकोटेला.

असा तिरपागडा आकार घासायचा कसा? काचेच्या गोल चकतीच्या कडेला तरफा लावून ती मोजूनमापून वाकवतात. वाकलेल्या अवस्थेतच तिच्यावर साधा गोलीय पृष्ठभाग घासतात, कारण तोच घासायला सगळ्यात सोपा. मग तरफा सोडल्या की काच मूळ जागी येते आणि पृष्ठभाग आपसूक हवा तो वाकडा आकार घेतो! त्यानंतर चकतीचा षटकोन कापायचा, आणि कापताना ताण सुटल्यामुळे जी चूक राहते ती आयनांच्या झोताने काढायची. मी कारखान्यात मशीनिंगच्या बाजूला नोकरी करतो. फिक्स्चरमध्ये (पकडीत) जॉब, म्हणजे घडवायचा भाग, वाकला तर आमच्याकडे तो रिजेक्ट होतो, इथे मुद्दाम वाकवतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या रात्री झोप लागली नाही.

तर असं सगळं जमत आलेलं असताना अडलंय कुठे? जागेवर. २००९ साली हवाईतला मौना केआ (४,२०५ मीटर) निवडला. ऑक्टोबर २०१४ मध्ये भूमिपूजनाच्या दिवशीच स्थानिकांनी रस्ता अडवला. डिसेंबर २०१५ मध्ये हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने परवाना रद्द केला, कारण विरोधकांची सुनावणी पूर्ण व्हायच्या आत तो दिला होता. २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने नवा परवाना उचलून धरला. जुलै २०१९ मध्ये पुन्हा काम सुरू करायला गेले, पुन्हा रस्ता बंद. तेव्हापासून डोंगरावर एक वीट चढलेली नाही. त्यात २०२५ च्या मे अखेरीस अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या अर्थसंकल्पी प्रस्तावात जीएमटीला पुढच्या टप्प्यात घेतलं आणि टीएमटीला वगळलं. जुलैत स्पेनने सांगितलं, ला पाल्मा बेटावर या, आम्ही ४० कोटी युरोपर्यंत देतो.

माझं मत: उचला आणि ला पाल्माला चला. तुम्हाला काय वाटतं?

नगरी_नग

वाचनखूण साठवली आहे. एक बाळबोध शंका: गोलीय पृष्ठभाग घासायला "सगळ्यात सोपा" का?

ठाण्याचा_विठू

खुलासा करूनही सांगतो, नाव बघूनच वाटलं होतं वेळेवर येणार नाही. :)

आरसेवाली

@नगरी_नग, हे माझ्या अंगणातलं. आयुकाच्या दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळेत शिकून मी घरी सहा इंची आणि मग आठ इंची आरसा घासला आहे.

दोन काचा एकमेकींवर ठेवायच्या, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी. वरची काच पुढे-मागे करायची, जराशी फिरवायची, आपण पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं. बस. सगळ्या दिशांनी नुसतं असं घासत राहिलं तर वरची काच खोलगट होते, खालची फुगीर होते, आणि दोन्ही गोलाचेच भाग होतात. दोन पृष्ठभाग कुठल्याही दिशेला सरकवले तरी एकमेकांना सगळीकडे चिकटून राहतील, असा आकार गोलाचा (किंवा सपाट) असतो, दुसरा नाही. म्हणजे निसर्गच काम करून देतो. पुढे बारीक बारीक पूड, शेवटी डांबराच्या थरावर सिरियम ऑक्साइडने पॉलिश.

गोलापासून पॅराबोला (दुर्बिणीला लागणारा आकार) करायला जाल तेव्हा खरा घाम फुटतो. फूको चाचणी करतात: एक बारीक दिवा आणि दाढीचं ब्लेड. ब्लेडने प्रकाश कापला की आरशावरचे उंचवटे सावल्यांसारखे दिसतात. त्या वेळी आरशावर अंगठा पाच-दहा सेकंद टेकवून बघा. हात काढल्यावर तिथे टेकडी उभी राहिलेली दिसते! अंगठ्याच्या उबेने काच तेवढी फुगते. मग ती टेकडी निवेपर्यंत बसून राहायचं.

म्हणूनच या मोठ्या दुर्बिणींना साधी काच चालत नाही. टीएमटीसाठी जपानच्या ओहारा कंपनीची क्लिअरसेराम, ईएलटीसाठी जर्मनीच्या शॉट कंपनीची झेरोडूर. दोन्हींत काचेच्या पोटात अतिसूक्ष्म स्फटिक वाढवलेले असतात. तापमान वाढलं की काच प्रसरण पावते, स्फटिक आकुंचन पावतात, आणि बेरीज जवळजवळ शून्य.

नगरी_नग

अंगठ्याची टेकडी! आज रात्री पोरांना सांगणार हे.

पोटदुखे

सगळं छान. पण १,३०० कोटी? आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात सोनोग्राफीचं मशीन आहे आणि चालवायला माणूस नाही. आणि इथे परदेशातल्या डोंगरावर आरसे. तेही डोंगरच मिळत नाही म्हणे.

रात्रपाळी

@पोटदुखे, रुग्णालयाबद्दल दुमत नाही. पण ते पैसे हवाईला मनीऑर्डर केलेले नाहीत. भारताचा साधारण ७० टक्के वाटा वस्तूंच्या रूपात आहे, म्हणजे इथल्या कारखान्यांत बनवून द्यायचं. ४९२ तुकड्यांच्या प्रत्येकाखाली तीन याप्रमाणे १,४७६ ॲक्चुएटर लागतात, ते काही नॅनोमीटरच्या टप्प्याने आरसा वरखाली करतात. शेजारच्या दोन तुकड्यांच्या कडा एका पातळीत आहेत का, हे सतत मोजायला २,७७२ सेन्सर. यातलं बरंच काम भारताकडे आहे, सॉफ्टवेअरही. ज्या वर्कशॉपने एकदा नॅनोमीटरचा जॉब पास केला ते पुढच्या कुठल्याही कामाला घाबरत नाही, हे मी रोज बघतो.

पोटदुखे

मान्य. पण घासलेले आरसे गोदामात पडून राहिले तर मी परत येईन.

भुईनळा

जेम्स वेब वर असताना खाली एवढा खटाटोप कशाला? वर ढग नाहीत, हवा नाही.

सानिका_म्युनिक

@भुईनळा, वेबचा आरसा ६.५ मीटर, खर्च सुमारे १० अब्ज डॉलर, आणि बिघाड झाला तर पाना घेऊन कोणी जाणार नाही. जमिनीवर दर काही वर्षांनी नवं उपकरण लावता येतं. तारे बारीक वेगळे करून बघायची ताकद आरशाच्या व्यासावर ठरते, त्यात ३० किंवा ३९ मीटरपुढे वेब लहान आहे. उलट लांबच्या अवरक्त लहरींत वेबला तोड नाही, कारण जमिनीवर दुर्बीण स्वतः आणि हवाही त्या लहरींत चमकत असते. त्यामुळे दोन्ही लागतात.

हवेचं म्हणाल तर: मी ईएलटीवाल्या ईएसओच्या (युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरी) मुख्यालयापासून, म्हणजे गार्खिंगपासून, सायकलच्या अंतरावर राहते (तिथे नोकरी नाही, नुसती खिडकीतून बघणारी). ईएलटीचा चौथा आरसा बघा. २.४ मीटर व्यास, जाडी दोन मिलिमीटरच्या आत, सहा पाकळ्यांत विभागलेला, मागे पाच हजारांवर ॲक्चुएटर. हवेमुळे प्रतिमा थरथरते ती हा आरसा सेकंदाला हजार वेळेपर्यंत आकार बदलून सरळ करतो. किती थरथरतेय हे कळायला जवळपास ठळक तारा लागतो, तो नसेल तर आपणच करायचा: पिवळा लेझर वर सोडायचा, ९० किलोमीटरवर सोडियमच्या अणूंचा विरळ थर आहे तो चमकतो.

हे साधलं की मोठ्या आरशाचा फायदा दुहेरी मिळतो. प्रकाश जास्त, शिवाय ताऱ्याचा ठिपका लहान, त्यामुळे पार्श्वभूमीचा उजेडही कमी मिसळतो. अंधूक ताऱ्यांच्या बाबतीत हिशेब व्यासाच्या चौथ्या घातात जातो. केकच्या तिप्पट व्यास म्हणजे ८१ पट!

रात्रपाळी

@सानिका, ईएलटीचं काम कुठवर आलं?

सानिका_म्युनिक

२०१४ च्या जूनमध्ये सुरुंग लावून डोंगराचा माथा सपाट केला, आता वर घुमट उभा आहे, साधारण ८० मीटर उंच. एकूण ७९८ तुकडे. काच जर्मनीत माइन्झला ओततात, घासायचं काम फ्रान्समध्ये पॉयतिएजवळ. १३३ प्रकार, प्रत्येकी एक जादा. जादा कशाला? चांदीचा लेप उडत जातो, म्हणून रोज दोनएक तुकडे काढून पुन्हा मुलामा द्यायचा आणि त्या जागी जादाचे बसवायचे. म्हणजे आरसा एकदा लावला आणि झालं असं कधीच होणार नाही. पहिला प्रकाश, म्हणजे पहिलं निरीक्षण, या दशकाच्या अखेरीच्या आसपास.

ही मंडळी पुढे गेली याचं कारण तंत्रज्ञान कमी आणि व्यवस्था जास्त, असं मला वाटतं. सरकारांच्या कराराने चालणारी एक संस्था, चिलीशी १९६०च्या दशकापासूनचे संबंध, आणि आजूबाजूला ओसाड वाळवंट. टीएमटीत विद्यापीठं, देणगीदार, अनेक देश, प्रत्येकाची वेगळी तिजोरी.

गावकुसाबाहेर

मला एक कळत नाही, न्यायालयाने परवाना दिला तर मूठभर लोक डोंगर पवित्र आहे म्हणून जगाचं विज्ञान अडवून कसं धरू शकतात? आपल्याकडे असतं तर आपणच अंधश्रद्धा म्हटलं असतं.

हिलोकर

याच बेटावर राहतो, म्हणून लिहितो. मी स्वतः दुर्बीण व्हावी या मताचा होतो, अजूनही थोडा आहे.

१८९३ मध्ये हवाईची राणी पदच्युत झाली, राजघराण्याच्या जमिनी पुढे अमेरिकेकडे आणि तिथून राज्याकडे आल्या. त्यातलाच हा माथा. १९६८ साली तो हवाई विद्यापीठाला ६५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिला, २०३३ पर्यंत. भाडं वर्षाला एक डॉलर. मग एकेक करत तेरा दुर्बिणी उभ्या राहिल्या. वेळोवेळी सरकारी तपासणीतच निघालं की डोंगराची निगा नीट राखली गेली नव्हती. आणि त्यावर चौदावी, अठरा मजली. २०१९ मध्ये पायथ्याच्या रस्त्यावर खुर्च्या टाकून बसले होते ते म्हातारे आजी-आजोबा. पोलीस त्यांना एकेक करून उचलून नेत होते, आणि ते पोलीसही इथलेच, कुणाचे पुतणे, कुणाचे शेजारी. ते दृश्य बघितल्यावर "मूठभर" म्हणवत नाही. यातल्या अनेकांचा खगोलशास्त्राला विरोध नाही. ताऱ्यांवरून होडी हाकत ज्यांचे पूर्वज इथे पोचले त्यांना ताऱ्यांचं महत्त्व आपण काय सांगणार.

वणीची_माहेरवाशीण

@गावकुसाबाहेर, सप्तशृंगीचं शिखर आठवा. वर झेंडा लावायला ठरलेला मानकरीच जातो, बाकी कोणी पाऊल ठेवत नाही. उद्या कुणी परवाना घेऊन तिथे अठरा मजली पोलादी घुमट बांधायला आला, तर किती पुरोगामी नाशिककर "विज्ञान आहे, बांधा" म्हणतील? मी तरी म्हणणार नाही, आणि मी भौतिकशास्त्र शिकवते.

गावकुसाबाहेर

मौना केआच्या शिखरावर रोज पूजा होत असती तर गोष्ट वेगळी. रिकाम्या माथ्यावर हक्क सांगणं मला पटत नाही. पण एक डॉलर भाड्याचं माहीत नव्हतं, ते चूकच.

हिलोकर

ती चूक आता थोडी निस्तरते आहे. २०२२ मध्ये कायदा करून डोंगराचा कारभार नव्या प्राधिकरणाकडे द्यायचं ठरलं, त्यात मूळ हवाईयन प्रतिनिधी आहेत. कॅल्टेकची जुनी सबमिलिमीटर दुर्बीण उतरवून जागा पूर्ववत केली. हे सगळं २००९ च्या आधी केलं असतं तर कदाचित हा धागा "टीएमटीची पहिली छायाचित्रं" या नावाने निघाला असता.

आरसेवाली

मग ला पाल्मा का नको? काही तोटा आहे का?

रात्रपाळी

उंची. मौना केआ ४,२०० मीटर, ला पाल्माची जागा २,३०० मीटरच्या आसपास. डोक्यावर बाष्प जास्त, त्यामुळे अवरक्तच्या काही पट्ट्यांत नुकसान. दृश्य आणि जवळच्या अवरक्त प्रकाशात ती जागा उत्तम आहे, स्पेनची १०.४ मीटरची ग्रॅन तेलेस्कोपियो कानारियास तिथेच आहे. सहारातली धूळ अधूनमधून येते.

पण खरा मुद्दा उत्तर गोलार्धाचा. ईएलटी आणि जीएमटी दोन्ही चिलीत. देवयानी दीर्घिका तिथून क्षितिजापासून जेमतेम २०-२४ अंश वर येते. सप्तर्षीतली एम८१ दीर्घिका तर दिसतच नाही. मौना केआचं अक्षांश जवळपास आपल्या छत्रपती संभाजीनगरचं आहे, म्हणजे आपल्या डोक्यावरून जे आकाश जातं तेच. टीएमटी बुडाली तर उत्तरेच्या आकाशाला महाकाय डोळा राहणारच नाही.

पोटदुखे

मग आपल्याकडेच बांधा की. लडाख आहे.

हानले_एकदा_तरी

@पोटदुखे, पर्यायी जागा शोधताना हानलेचाही विचार झाला होता. ४,५०० मीटर उंची, कोरडी हवा, अंधार. तिथली दोन मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण २००१ पासून होसकोटेतून उपग्रहामार्फत चालवतात. मात्र तीस मीटरचं सामान तिथवर न्यायचं, वर्षातले बरेच महिने घाट बंद, सीमा जवळ. बाकी देश तयार होणं कठीण.

पण आयआयएचा वेगळा प्रस्ताव आहे, हानलेतच १३.७ मीटरची राष्ट्रीय दुर्बीण. तिचा आरसा ९० षटकोनी तुकड्यांचा, आणि तुकडे टीएमटीच्याच मापाचे. होसकोटेतली यंत्रं, वाकवायच्या तरफा, मोजायची उपकरणं, शिकलेली माणसं, सगळं तेच. आज देशातली सगळ्यात मोठी, हव्या त्या दिशेला वळवता येणारी दृश्यप्रकाश दुर्बीण देवस्थळची ३.६ मीटरची आहे, म्हणजे तिथून थेट १३.७ वर उडी. माझं मत विचाराल तर टीएमटीत राहावं, पण पुढचा मोठा पैसा हानलेत घालावा.

रात्रपाळी

दोन्ही एकदम झेपणार नाही असं वाटतं. १३.७ मीटरने देवयानीतले तारे टीएमटीइतके सुटे दिसणार नाहीत. तीस ते तीस.

हानले_एकदा_तरी

तीस कागदावर आहे. आणि १३.७ सुद्धा कागदावरच आहे म्हणा, पण तो कागद आपल्या हातात आहे. कुणाच्या न्यायालयाची, कुणाच्या अर्थसंकल्पाची वाट बघायला नको.

वणीची_माहेरवाशीण

हानलेच्या गावकऱ्यांना विचारलंय ना पण?

हानले_एकदा_तरी

रास्त प्रश्न. २०२२ पासून तो भाग अंधार-राखीव क्षेत्र आहे, गावातल्या तरुण मुलामुलींना दुर्बिणी देऊन पर्यटकांना आकाश दाखवायला शिकवलंय, होमस्टे चालतात. निदान सुरुवात खालून झाली आहे. मोठ्या दुर्बिणीबद्दल मात्र नव्याने आणि नीट विचारायलाच हवं.

पोटदुखे

ठीक. तर मग ८४ टीएमटीसाठी, ९० हानलेसाठी. गोदामाला कुलूप लागू नये एवढंच बघा. आणि @आरसेवाली, आठ इंची आरशाला साधारण खर्च किती येतो? पोरगा मागे लागलाय.

आरसेवाली

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. पुण्यात असाल तर २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, आयुका सगळ्यांना खुली असते, पोराला घेऊन या. घासायला मात्र सहा इंचीपासून सुरुवात करा, आठ इंचीला खांदे भरून येतात.